हात कोणाचा?

संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा सहकाऱ्यांनी गृहीतच धरले की आम्ही महाडच्या सत्याग्रहावर किंवा पुणे करारावर लिहिणार. इतकी वर्षे इतिहास शिकवणाऱ्या माणसाकडून दुसरी अपेक्षा तरी काय करावी? परंतु या वेळी आम्ही लिहिणार आहोत ते संगीतकक्षातील लोखंडी कपाटात, हार्मोनियमच्या खालच्या कप्प्यात ठेवलेल्या एका काळ्या पेटीविषयी. तिला सॅम्पलर म्हणतात. आमचे सूर-तालाचे ज्ञान बेताचेच. तरीही इतिहास म्हणजे काय, याविषयी या पेटीने आम्हांला जे शिकवले ते मोजक्याच ग्रंथांनी शिकवले असेल. म्हणून तिचे गुण आणि तिचे दोष, दोन्ही येथे नोंदवून ठेवतो.

ही पेटी 2016 साली शाळेत आली. आमच्याच वसतिगृहात राहून शिकलेला एक विद्यार्थी भीमगीतांच्या वाद्यवृंदात ऑक्टोपॅड वाजवत असे. त्याने नवे यंत्र घेतले आणि जुना सॅम्पलर शाळेला दान दिला. आकार बुटांच्या खोक्याएवढा, वर रबराची चौकोनी 16 बटणे, ज्यांना पॅड म्हणतात, काही गोल खुंट्या आणि दोन बोटे रुंदीचा पडदा. शिक्षकांच्या बैठकीत लगेच दोन पक्ष पडले. मुलांना ढोलकी शिकवायची सोडून बटणे दाबायला शिकवणार काय, असा एका गुरुजींचा सवाल होता, आणि तो चुकीचा नव्हता. जुन्या वस्तू सांभाळण्याची इतिहासवाल्यांना सवय असते, असे म्हणत मुख्याध्यापकांनी शेवटी कपाटाची किल्ली आमच्या हाती ठेवली.

सॅम्पलर म्हणजे काय, हे समाजबांधवांना सोप्या शब्दांत सांगितले पाहिजे. शितावरून भाताची परीक्षा करतात, हे आपण जाणतो. सॅम्पल म्हणजे असेच शीत, ध्वनीचा नमुना. यंत्राला मायक्रोफोन जोडायचा, आवाज त्यात घ्यायचा, त्याचा हवा तेवढा तुकडा कापायचा आणि एका पॅडवर ठेवायचा. मग त्या पॅडवर बोट आपटले की तोच आवाज वाजतो. कीबोर्ड आपले आवाज घेऊन येतो. सॅम्पलर मुळात रिकामे भांडे आहे, त्यात आपण भरू तेच त्यात असते. आत जे घडते ते गणित आहे. सीडीच्या दर्जाचे ध्वनिमुद्रण करताना यंत्र एका सेकंदात 44,100 वेळा ध्वनिलहरीची उंची मोजते आणि प्रत्येक मापासाठी त्याच्याकडे 65,536 पायऱ्या असतात. असे एक मिनिटाचे स्टीरिओ मुद्रण साधारण 10 मेगाबाइट जागा घेते. आमच्या गणिताच्या बाईंनी हे कोष्टक फळ्यावर मांडले, तेव्हा संगीतापासून दूर पळणारी चार मुलेही पुढे सरकून बसली.

या यंत्राला स्वतःचा इतिहास आहे. 1979 साली ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी फेअरलाइट नावाचे संगणक-वाद्य बाजारात आणले. त्यात बाहेरचा आवाज घेऊन तो पट्ट्यांवर वाजवता येई. पण त्याची किंमत धनाढ्य कलावंतांनाच परवडणारी होती. पुढे यंत्रे लहान आणि तुलनेने स्वस्त होत गेली. 1987 साली अमेरिकेतील ई-मू कंपनीचे एसपी-1200 आले आणि 1988 साली रॉजर लिन यांनी रचना केलेले, 16 पॅडांचे एमपीसी-60 जपानच्या अकाई कंपनीने आणले. एसपी-1200 ची स्मृती किती? सारे आवाज मिळून जेमतेम 10 सेकंद! सेकंदाला 26,040 मापे आणि प्रत्येक मापाला 4,096 च पायऱ्या. त्यामुळे आवाज जाडाभरडा आणि खरखरीत येई. पण न्यूयॉर्कच्या वस्त्यांतील पोरांनी त्या दारिद्र्यातूनही वाट काढली. 33 फेऱ्यांची तबकडी ते 45 फेऱ्यांच्या वेगाने वाजवून यंत्रात घेत आणि आत गेल्यावर तिचा वेग पुन्हा उतरवत. तेवढ्याच जागेत अधिक आवाज मावे आणि उतरवलेला आवाज आणखी खरखरीत होई. तीच खरखर पुढे त्या संगीताची ओळख ठरली. हा प्रसंग आम्ही नववीच्या वर्गात सांगतो, तेव्हा चाळीस जणांत एकच प्रयोगसंच वापरणाऱ्या आमच्या मुलांना तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता या यंत्राचे गुण. पहिला गुण असा की त्याने मुलांना ऐकायला शिकवले. पेटी रिकामी, म्हणून आवाज शोधणे आले. मुले मायक्रोफोन घेऊन आवारभर फिरली. हापशाचा दांडा, पत्र्यावरचा पाऊस, विहारातील घंटा, एसटीचा हॉर्न, ग्रंथालयाच्या दाराची कुरकुर, असे सारे त्यांनी गोळा केले. सातवीतल्या एका मुलीने भोजनगृहातील मावशींच्या भाकरी थापण्याचा आवाज घेतला आणि त्यावर ताल बांधला. मावशी पदराने तोंड झाकून हसल्या आणि म्हणाल्या, “माझ्या भाकरीचाबी आवाज असतो व्हय?” एवढ्या वर्षांत त्या आवाजाकडे आमचेही लक्ष गेले नव्हते. वाद्य ज्याच्या घरी नाही, गुरूला देण्यास ज्याच्याकडे पैसा नाही, अशा मुलाच्या भोवतीचे जगच यंत्राने त्याच्या हाती वाद्य म्हणून दिले.

दुसरा गुण संयमाचा. याच गोष्टी आज मोबाइलवर किंवा संगणकावर करता येतात, हे आम्ही जाणतो. पण मोबाइल हाती आला की त्यासोबत साऱ्या बाजारपेठेची हाकाटीही हाती येते. या पेटीला इंटरनेट नाही, जाहिरात नाही, निरोप नाही. ती एकच काम जाणते. 16 पॅड भरले की थांबावे लागते आणि नवा आवाज हवा असेल तर जुन्यांपैकी कोणता सोडावा, हे ठरवावे लागते. निवड करणे हेही शिक्षणच आहे. तिसरा गुण असा की बोटांना खरा स्पर्श मिळतो. जोरात मारले तर आवाज मोठा, हलके मारले तर लहान. शरीर तालात येते. हेडफोन लावला की वसतिगृहात रात्रीही कोणाची झोप न मोडता सराव होतो. आणि लहानशी पेटी असल्याने ती बाजूच्या गावातील कार्यक्रमालाही पिशवीतून नेता येते.

दोषही तितकेच आहेत. पडदा एवढासा आणि त्यावरची अक्षरे इंग्रजी आद्याक्षरांची. एखादी गोष्ट करायला कोणती दोन बटणे एकदम दाबायची, हे पाठच करावे लागते. आम्हांला ते अजून साधलेले नाही, आठवीतली मुले आम्हांला शिकवतात. पेटी एक आणि मुले अनेक, त्यामुळे एक वाजवतो आणि बाकीचे पाहतात. बिघडली तर तालुक्याच्या गावी दुरुस्ती होत नाही. ढोलकीची शाई गेली तर ती भरून देणारा कारागीर पंचक्रोशीत सापडतो; या पेटीसाठी मुंबई-पुणे गाठावे लागते. वीज गेली आणि केलेले काम त्याआधी जतन केलेले नसेल, तर दोन तासांची मेहनत एका क्षणात पुसली जाते.

याहून खोल दोष कानाला जाणवतो. ढोलकीवाला सलग आठ वेळा एकच बोल वाजवतो, तेव्हा आठही बोल किंचित वेगळे असतात. बोट सरकते, मनगट सैलावते, श्रोत्यांकडे पाहून तो हसतो आणि तेही हातात उतरते. सॅम्पलर तोच एक बोल आठ वेळा जसाच्या तसा परत करतो. आठ ओळींच्या गाण्यात ते खपते, तासाभराच्या कार्यक्रमात कान थकतो. वेगवेगळ्या जोरात वाजवलेले चार-पाच बोल एकाच पॅडवर भरून हा दोष कमी करता येतो, नाहीसा होत नाही. म्हणून आम्ही आरंभीच नियम केला की ढोलकीचा तास बंद होणार नाही आणि सॅम्पलर ढोलकीच्या जागी नव्हे तर तिच्या शेजारी बसेल. पौर्णिमेला उपोसथ पाळून अष्टशील घेणारे नृत्य, गीत आणि वाद्य यांपासून दूर राहतात, त्यामुळे त्या दिवशी हार्मोनियम, ढोलकी आणि सॅम्पलर तिन्ही कपाटात असतात. नित्याच्या बुद्धवंदनेलाही यंत्राची साथ आम्ही घेत नाही.

हे गुणदोष कोणत्याही विक्रेत्याने सांगितले असते. सर्वांत मोठा दोष मात्र आम्हांला सांगितला तो आमच्या वडिलांनी, आणि तोही यंत्राकडे न पाहताच.

आमच्या वडिलांना सारे आबा म्हणत. आमच्या गावी हलगी वाजवणे हे आमच्या घराण्याकडे आलेले गावकीचे काम होते. हे काम कोठे मातंगांकडे असे, कोठे महारांकडे. पण जेथे होते तेथे ते मागून घेतलेले नव्हते. कोणाच्या घरी मयत झाली, वाजवा. पाटलाकडे वरात आली, वाजवा. दवंडी द्यायची आहे, वाजवा. पावसात, तापात, घरातले माणूस आजारी असताना, वाजवा. आणि शेवटी वरून टाकलेल्या भाकरीसाठी पदर पसरा. 14 ऑक्टोबर 1956 रोजी एकविसाव्या वर्षी आबा नागपूरला बाबासाहेबांच्या दीक्षा सोहळ्यात उभे होते. परत आल्यावर त्यांनी हलगी खुंटीवरून उतरवली, चामडे कापून कड्यापासून वेगळे केले आणि लोखंडी कडे भंगारात दिले. त्यानंतर त्यांनी हलगीला कधी हात लावला नाही. गावाने महिनाभर दुकानातून मीठ मिळू दिले नाही, असे आजी सांगत असे.

2017 च्या हिवाळ्यात आबा काही दिवस आमच्याकडे शाळेच्या निवासस्थानी राहायला आले होते. सकाळी ते संगीतकक्षाबाहेरच्या कट्ट्यावर ऊन खात बसत. आत मुले सॅम्पलरवर सराव करीत होती. आमच्या माजी विद्यार्थ्याने दिलेल्या मेमरी कार्डात त्याने कोठून कोठून गोळा केलेले शेकडो आवाज होते आणि त्यांत ‘पर्क 07’ असे नाव असलेला एक आवाज होता. एका मुलाने ते पॅड दाबले. आबांनी मान वळवली.

“कोण वाजवतंय रं?”

“कोणी नाही आबा, मशीन आहे,” मुलगा म्हणाला.

“मशिनीला हात नसत्यात. हात कुणाचा हाय त्यो?”

मुलगा गप्प झाला. आबांनी पुन्हा वाजवायला सांगितले, तिसऱ्यांदाही सांगितले. मग म्हणाले, “हलगी नीट शेकलेली न्हाई. दिवस पावसाळी असंल. चामडं वल्लं हाय, तरी गडी जोर लावून काढतोय. डाव्या हातातली काडी हलकी हाय त्याची. चांगला हात हाय.”

आम्ही दारात उभे होतो. हलगीचे चामडे वाजवण्यापूर्वी जाळावर शेकून ताणावे लागते, हे आम्हांलाही ठाऊक होते. पण एका सेकंदाहून लहान तुकड्यातून कोणी त्या दिवसाचे हवामान आणि वाजवणाऱ्याचा स्वभाव सांगेल, असे वाटले नव्हते. यंत्राने तो ओलावाही इमाने जपला होता. माणसाचे नाव तेवढे जपले नव्हते. कोण होता तो? कोणत्या गावचा, कोणाच्या दारी, कोणत्या प्रसंगी वाजवत होता? त्याला विचारले होते का, काही दिले होते का? त्या माजी विद्यार्थ्याला आम्ही दूरध्वनी केला. त्याला ते कार्ड दुसऱ्या एका वादकाकडून मिळाले होते आणि त्या वादकाला तिसऱ्याकडून. धागा तेथेच तुटला. एक जिवंत माणूस ‘पर्क 07’ होऊन शेकडो मंडपांत वाजत होता.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न झोपू देईना. आम्ही वाचत गेलो आणि कळले की आबांनी विचारलेला प्रश्न जगभर विचारला गेला आहे. 1969 साली अमेरिकेतील ‘द विन्स्टन्स’ या वाद्यवृंदाची ‘आमेन, ब्रदर’ ही धून प्रसिद्ध झाली. तिच्यात एके ठिकाणी बाकीची वाद्ये थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हा कृष्णवर्णीय ड्रमवादक सहा-सात सेकंद एकटा वाजवतो. सॅम्पलर आल्यावर तेवढा तुकडा कापून हजारो गाण्यांत वापरला गेला. इंग्लंडमध्ये तर त्यावर नृत्यसंगीताचे संपूर्ण प्रकार उभे राहिले. कोलमन 2006 साली वारला, त्या तुकड्याचा एक पैसाही त्याला न मिळता. त्या वाद्यवृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांच्यासाठी 2015 साली ब्रिटनमधील संगीतप्रेमींनी वर्गणी काढून सुमारे 24,000 पौंड दिले. कोलमनसाठी तो उशीर फारच झाला होता. जेम्स ब्राउन यांच्या वाद्यवृंदातील क्लाइड स्टबलफील्ड यांचीही तीच कथा. 1970 साली निघालेल्या ‘फंकी ड्रमर’मधील त्यांचा ताल असंख्य गाण्यांत गेला, रचनाकार म्हणून नाव मात्र ब्राउन यांचे. पैशापेक्षा आपले नाव दिले गेले असते तर बरे वाटले असते, अशा अर्थाचे त्यांनी सांगून ठेवले आहे. 2017 साली तेही गेले.

यात एक पेच आहे आणि तो आम्ही मुलांपासून लपवत नाही. हे तुकडे कापणारेही बहुतांशी वंचितच होते. 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, सेजविक अॅव्हेन्यूवरील एका इमारतीत, जमैकाहून आलेल्या कुटुंबातील कूल हर्क या तरुणाने तबकड्यांमधील तालाचेच तुकडे पुन्हा पुन्हा वाजवले आणि हिप-हॉपचा आरंभ तेथून मानला जातो. वाद्ये नव्हती, शिकवणी नव्हती, वस्ती उद्ध्वस्त होत होती. आईबापांच्या तबकड्या तेवढ्या घरात होत्या. बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते याच शहरात, हार्लेम नदीच्या अलीकडे आहे, ब्रॉन्क्स पलीकडे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा आणि आपला प्रश्न ताडून पाहण्यासाठी बाबासाहेबांनी 1946 साली डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहिले होते आणि 1972 साली आपल्या तरुणांनी दलित पँथर हे नाव ब्लॅक पँथरवरून घेतले. म्हणून त्या पोरांना चोर म्हणायला आमची जीभ रेटत नाही. परंतु कोलमनचे काय, हा प्रश्न त्याने मिटत नाही. घेणारा वंचित, ज्याचे घेतले तोही वंचित आणि मोठा लाभ अनेकदा तिसऱ्याचाच, असे हे गणित आहे.

कायद्याने आपल्या परीने उत्तर दिले. 1991 साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात बिझ मार्की या रॅप गायकाने परवानगीवाचून दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा वापरल्याचा खटला आला. न्यायमूर्तींनी निकालपत्राचा आरंभच चोरी न करण्याच्या बायबलमधील आज्ञेने केला. तेव्हापासून परवानगी आणि मोबदला यांची पद्धत घट्ट झाली. पण हे संरक्षण मिळाले ते हक्कांच्या मालकाला, म्हणजे रचनाकाराला आणि कंपनीला. ज्याच्या मनगटातून ताल आला, त्या स्टबलफील्डसारख्या वादकाच्या हाती काहीच पडले नाही.

आपल्याकडे याहून बारीक कसोटी आहे. पंचशीलातील दुसरे शील आपण रोज ग्रहण करतो. त्याचे भाषांतर सवयीने ‘चोरी न करणे’ असे होते. पण मूळ शब्द अदिन्नादान आहे, म्हणजे न दिलेले घेणे. मालकी कोणाची, हा कायद्याचा प्रश्न झाला. ते दिले होते का, हा शीलाचा प्रश्न आहे. या कसोटीवर सॅम्पलर हे विलक्षण यंत्र आहे, कारण घेण्याची क्रिया ते एका बोटावर आणून ठेवते आणि देणाऱ्याचा चेहरा पुसून टाकते. त्याचा सर्वांत मोठा दोष हाच.

यावर उपाय म्हणून आम्ही शंभर पानी वही घातली. प्रत्येक पॅडवरील आवाजासमोर माणसाचे नाव, गाव, तारीख, आवाज कसला आणि तो कशासाठी दिला, हे मुलांनी लिहायचे. ज्याने दिला त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. भाकरीच्या आवाजासमोर मावशींची सही आहे. ‘पर्क 07’ आम्ही यंत्रातून काढून टाकला. वहीत मात्र त्याची ओळ ठेवली आहे आणि नावाचा रकाना रिकामा आहे.

वही दाखवून मुलांनी आबांना विचारले, “आबा, तुम्ही हलगी वाजवाल का? आम्ही तुमचे नाव लिहू.” आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “न्हाई पोरांनो. हलगी माझ्याकडनं घेतली जायची, मी कधी दिली न्हाई. ती आता बी देनार न्हाई.” मुलांचे चेहरे उतरलेले पाहून ते पुढे म्हणाले, “टाळी घ्या. वामनदादांच्या कार्यक्रमाला आमी कोरसात बसायचो. टाळी मी माझ्या मनानं दिल्याली हाय.” आणि त्यांनी थरथरत्या हातांनी, पण लयीत न चुकता, टाळ्यांचा तो ठेका दिला. अकरा सेकंद.

त्या दिवशी दुपारी वीज गेली आणि आवाज जतन करायचा राहून गेला होता. चूक आमचीच. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ओशाळून कट्ट्यावर गेलो, तेव्हा आबा हसले. “लाइट गेली की इसरतंय, आन् तू त्याच्यावर इतिहास ठेवतूस व्हय?” म्हणाले आणि पुन्हा टाळी दिली. ती आम्ही यंत्रात, संगणकात आणि वेगळ्या कार्डात, अशा तीन ठिकाणी ठेवली. तरी मुलांना बजावले की ठेका हातानेही पाठ करा.

एका मुलीने त्या दिवशी विचारलेला प्रश्न अजून आमच्यापाशी आहे. सर, मग हलगी वाजवणे वाईट का? आज आपले अनेक तरुण 14 एप्रिलला अभिमानाने हलगी वाजवतात, मातंग समाजातील थोर वादकांनी ती कला मोठी केली आहे. त्यांना वाईट कसे म्हणावे? आम्ही तिला सांगितले की आबांनी सोडली ती सक्ती. कला त्यांच्याकडून त्या सक्तीबरोबरच सुटली आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. उद्या तुला वाजवावीशी वाटली तर वाजव. मात्र कोणी सांगितले म्हणून नव्हे आणि आबांसारख्यांनी का सोडली हे विसरून नव्हे. हे उत्तर पुरेसे आहे, असा आमचा दावा नाही.

आबा 2019 साली गेले. त्यांचा ठेका सोळाव्या पॅडवर आहे. ते पॅड दाबायला आमचे बोट अजून धजत नाही. मुले दाबतात आणि ते योग्यच आहे, कारण आबांनी तो त्यांनाच दिला होता. यंत्र दर वेळी तीच अकरा सेकंदे परत करते, तीच थरथर, तोच सातव्या टाळीनंतरचा श्वास. मुले मात्र त्यावर हाताने टाळी धरतात तेव्हा ठेका थोडा पुढे जातो, थोडा बदलतो आणि जिवंत राहतो.

या स्मरणिकेच्या निमित्ताने शाळेला दुसरा सॅम्पलर द्यावा, असे काही माजी विद्यार्थ्यांनी कळवले आहे. त्यांचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. यंत्र जरूर द्यावे. पेटी एक आणि मुले अनेक हा दोष तेवढा तरी कमी होईल. सोबत एक शंभर पानी वही द्यावी. आणि त्यांच्यापैकी कोणाला, कोठल्या मंडपात, कोणाच्या कार्डात ‘पर्क 07’ हा आवाज भेटला आणि तो वाजवणाऱ्याचे नाव-गाव ठाऊक असलेला माणूस भेटला, तर आम्हांला अवश्य कळवावे. पावसाळी दिवस, चामडे ओले, डाव्या हाताची काडी हलकी, एवढी खूण पुरेशी आहे. वहीतला तो रकाना आम्ही अजून रिकामा ठेवला आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!